दयेवर पास

जोनाबेल तोर्रेफिएल ही माझ्याकडे आजवर आलेली सगळ्यांत चांगली पेशंट, आणि तिचा आजार नेमका तोच होता.

मी मानसोपचार करते, आणि माझी खोली इलोइलो शहरातल्या हारो भागात एका बेकरीच्या वर आहे. जोनाबेल वेळेच्या बरीच आधी पोचायची. पण फार लवकर वर आलं तर मॅमना अवघडल्यासारखं होईल, म्हणून खाली बेकरीत बसून राहायची. काही न घेता नुसतं बसलं तर बेकरीवाल्याला वाईट वाटेल, म्हणून टोस्टची पुडी घ्यायची. आणि ती पुडी एकटीनं खाणं बरं दिसत नाही, म्हणून मला आणून द्यायची. माझ्या कपाटात टोस्टच्या पुड्यांची थप्पी लागली. मला टोस्ट आवडत नाहीत. हे मी तिला कधी सांगितलं नाही, कारण ती रात्रभर झोपली नसती.

एकतीस वर्षांची, अविवाहित, जवळच्या तिगबावान गावची. एका खासगी शाळेत दुसरीच्या वर्गाला शिकवायची. शिकवायची कसली, जीव टाकायची त्या पोरांवर. पण शिक्षकाचा सरकारी परवाना तिच्याकडे नव्हता. त्यासाठी परीक्षा द्यावी लागते आणि तिथंच सगळं अडलं होतं. दर वेळी नाव नोंदवायची आणि दर वेळी काहीतरी व्हायचं. कधी आदल्या दिवशी ताप भरायचा, कधी केंद्राच्या फाटकातूनच परत फिरायची. एकदा मात्र आत जाऊन बसली. उत्तरपत्रिकेतले गोल पेन्सिलीनं काळे करायचे असतात. हिचा गोल जरा रेषेबाहेर गेला की खोडायचा, पुन्हा भरायचा, पुन्हा खोडायचा. असं करता करता कागदाला भोक पडलं. ते भोक बघून ती उठली आणि घरी आली.

शाळेनं पुष्कळ सांभाळून घेतलं. आता मात्र हेडबाईंनी निर्वाणीचं सांगितलं होतं: मार्चची परीक्षा पास हो, नाहीतर वर्ग दुसऱ्या बाईंना जाईल.

"मला नापास व्हायची एवढी भीती नाही, मॅम," पहिल्याच भेटीत ती म्हणाली. "नापास म्हणजे नापास. मला पासांग-आवा व्हायची भीती वाटते."

काठावर पास होणाऱ्याला आमच्याकडे पासांग-आवा म्हणतात, दयेवर पास. काठावरचा माणूस निदान स्वतःच्या पायांवर तरी उभा असतो. ह्या शब्दात त्याला तेवढीही जागा ठेवलेली नाही. कुणीतरी वरून बघितलं, कीव आली आणि ढकललं पुढे. शाळेत पोरं एकमेकांना हा शब्द हसत हसत चिकटवतात आणि विसरून जातात. तोर्रेफिएलांच्या घरात तो रोजच्या वापरातला होता.

तिचे वडील तिगबावानचे निवृत्त शिक्षणाधिकारी. अख्खं गाव त्यांना सर म्हणतं, ती ताय म्हणते. त्यांच्या काळी ह्याच परीक्षेत ते देशात वरच्या नंबरात आले होते, पेपरात नाव छापून आलं होतं. त्यांनी पोरीवर कधी हात उगारला नाही, आवाज चढवला नाही. भात जरा मऊ झाला की पहिला घास घेऊन म्हणायचे, "पासांग-आवा." चादरीची घडी तिरकी दिसली, पासांग-आवा. तिनं पहिल्या पगारात त्यांना शर्ट आणला, तो त्यांनी उलटसुलट करून बघितला, शिवण बोटानं चाचपली आणि गोड आवाजात तेच म्हणाले. बायको लवकर गेली बिचारी, सुटली.

आता माझी पद्धत सांगते. ज्याला चुकायची भीती वाटते त्याला मी मुद्दाम छोट्या छोट्या चुका करायला लावते. चूक करायची, हात बांधून उभं राहायचं आणि आभाळ कोसळतं का ते बघायचं. कोसळत नाही. चार-सहा वेळा कोसळलं नाही की माणसाचा जीव जरा खाली बसतो. हे काही मी शोधून काढलेलं नाही, जगभर हेच करतात. आणि ह्याचा उपयोग होतो, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

जोनाबेलला मी सांगितलं, हेडबाईंना मेसेज पाठव आणि त्यात एक शब्द चुकीचा लिही. पुढच्या भेटीला तिनं मोबाइल समोर धरला. 'गुड मॉनिंग' असं पाठवलं होतं. हेडबाईंनी उत्तरात अंगठ्याचं चित्र पाठवलं होतं.

मी म्हटलं, शाब्बास.

मग सांगितलं, दोन वेगवेगळ्या चपला घालून चर्चला जा. गेली. एक हिरवी, एक निळी, फोटोसकट पुरावा. सांगितलं, जेवल्यावर ताट न घासता झोप. झोपली. सांगितलं, वर्गात फळ्यावर बेरीज चुकीची लिही आणि पोरांनी पकडली की हस. पोरांनी पकडली, ती हसली, पोरं तर बाकांवर चढून नाचली. मी प्रत्येक वेळी शाब्बास म्हणत गेले. ती गालातल्या गालात हसायची आणि लाल व्हायची. मला वाटायला लागलं, आपल्या हाताला गुण आहे. संध्याकाळी घरी जाताना मी स्वतःवर खूश होऊन मासळीबाजारात घासाघीससुद्धा करत नसे.

जानेवारीत तिच्या वस्तीत सणाची जेवणं असतात आणि जेवण म्हटलं की कराओके आलंच. मशीन भाड्यानं आणतात, अंगणात ठेवतात आणि दुपारपासून जो तो माइक धरून उभा. गाणं संपलं की ते मशीन तुतारी वाजवून शंभरपैकी गुण दाखवतं. त्या गुणांवरून आमच्याकडे सख्खे भाऊ बोलायचे बंद झालेत. मी जोनाबेलला म्हटलं, "सगळ्यांसमोर गा. आणि सगळ्यांत कमी गुण मिळवून दाखव."

सणानंतरच्या भेटीला ती आली ती हातात पुडी न घेता. डोळे सुजलेले.

"अठ्ठ्याण्णव," ती म्हणाली.

"काय अठ्ठ्याण्णव?"

"मशीननं दिले. सगळ्या अंगणात माझा पहिला नंबर. काका-मामा उठून नाचायला लागले. मी वाईट गायले होते, मॅम. शपथेवर सांगते, अगदी वाईट गायले."

"अगं, त्या मशीनला कुठे कान असतात? त्याला आवाज मोठा लागतो बस. तू ओरडली असशील."

"पण मी तयारी केली होती."

"कसली तयारी?"

"बेसूर गायची." ती शर्टाचं टोक बोटाभोवती गुंडाळत होती. "न्हाणीघरात रोज. कुठल्या ओळीला सूर सोडायचा, कुठे ताल चुकवायचा, कुठे श्वास संपवायचा. सगळं बसवलं होतं. कागदावर खुणासुद्धा केल्या होत्या."

मला हसू फुटलं. आवरेना. खुर्चीला धरून हसले मी. आणि हसता हसता तिच्याकडे पाहिलं, तर ती रडत होती.

"मला नापाससुद्धा होता येत नाही," ती म्हणाली.

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. मी तिला जुन्या कामांबद्दल एकेक विचारायला लागले. गुड मॉनिंग का? तर बाकीचे बरेच शब्द तिनं मोडून बघितले होते आणि र काढला तरी वाचणाऱ्याला त्रास होत नाही, म्हणून तो निवडला. चपला? दोन्ही आदल्या दिवशी घासून वाळवल्या होत्या. न घासलेलं ताट? पाण्यानं विसळून, झाकून ठेवलं होतं, मुंग्या येऊ नयेत म्हणून. ही पोरगी माझ्याकडे चुकायला शिकत नव्हती, चुकण्यात पहिली येत होती. आणि तिला गुण कोण देत होतं? मी. सरांकडे एक शब्द होता, माझ्याकडे दुसरा. ती दोघांच्याही तोंडाकडे बघत उभी होती.

मला भयंकर राग आला. मशीनचा, सरांचा, माझ्या हाताच्या गुणाचा. कपाटातल्या टोस्टच्या पुड्या मी त्याच दिवशी उचलून खाली रिक्षावाल्यांना वाटून टाकल्या.

फेब्रुवारीत एका सकाळी सर स्वतः माझ्या दारात उभे. न सांगता. पांढरा इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, जिना चढून आलेले तरी दम लागलेला नाही. आम्ही इलोइलोची माणसं भांडतो तेसुद्धा गोड चालीत, त्यामुळे शेजारच्या खोलीतल्या माणसाला वाटलं असेल की आम्ही एकमेकांना जेवायला बोलावतोय.

"माझी मुलगी तुमच्याकडे येते," ते म्हणाले.

"कोण माझ्याकडे येतं आणि कोण येत नाही हे मी कुणाला सांगत नसते, सर."

"खाली बेकरीत बसलेली दिसते की ती."

"मग टोस्ट आवडत असतील तिला."

ते हसले नाहीत. खुर्ची रुमालानं पुसून बसले. "तिची तयारी झालेली नाही. मी घरी तपासतो ना रोज. ह्या मार्चला बसली तर जेमतेम काहीतरी होईल. तुम्ही एक करा, तिला विश्रांतीची गरज आहे असं लिहून द्या. शाळा अजून वर्षभर थांबेल. वर्षात मी तिला पहिल्या दहांत नेऊन बसवतो."

"मी खोटं लिहून देत नाही."

"खोटं कुठे? तुमच्याकडे येते म्हणजे आजारी असेलच."

"कोण येते, सर?"

त्यांनी डोळे मिटले, उघडले. मग खिडकीकडे बघत बोलायला लागले आणि पहिल्यांदा त्यांचा आवाज साधा झाला. "माझे वडील मीठ पिकवायचे, मॅम. मी त्यांच्याबरोबर मिठात उभा राहायचो. पायाची कातडी फाटायची, पुन्हा त्याच पाण्यात. मी वरच्या नंबरात आलो म्हणून त्यातून सुटलो. काठावर आलो असतो तर अजून तिथंच असतो. तुम्हाला काय माहीत काठ म्हणजे काय ते."

माणूस खोटं बोलत नव्हता. पण खरं बोलणारी माणसंसुद्धा दुसऱ्याचा जीव घेतात.

"तुम्ही सुटलात, सर," मी म्हणाले. "आता ज्यांनी कधी मीठ पाहिलंही नाही, त्यांना उचलून रोज त्यात कशाला उभं करता?"

ते उठले. भिंतीवर माझा परवाना लावलेला आहे, त्याच्याजवळ गेले, चष्मा वर करून वाचला. "तुमचे किती होते?"

"परवान्यावर गुण छापत नाहीत."

"म्हणूनच विचारतोय."

"छापत नाहीत, कारण नंतर ते कुणाच्या उपयोगाचे नसतात."

"म्हणजे पासांग-आवा."

"हो," मी म्हणाले.

खरं तर माझे गुण चांगले होते. पण त्या माणसाला ते सांगायचं माझ्या जिवावर आलं. माझा एकसुद्धा गुण त्यांच्या हाती लागू द्यायचा नाही, असं मला वाटून गेलं.

"मग माझी मुलगी इथं शिकणार तरी काय?" ते दारातून म्हणाले.

"तेच, सर," मी म्हणाले आणि जिन्यापर्यंत सोडायला गेले, कारण ते वयानं मोठे होते.

पुढच्या भेटीला मी जोनाबेलला काहीच काम दिलं नाही. ती पेन उघडून बसली होती.

"आज काय करायचं, मॅम?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे? म्हणजे काम न करायचं काम?"

"नाही गं बाई. काम नाही. संपलं."

तिनं पेन बंद केलं. "मग मी कितपत बरी झालेय? साधारण सांगा. निम्मी? निम्म्याहून जास्त?"

"मी सांगणार नाही."

"का?"

"कारण मी गुण देणं बंद केलंय. मला त्याची सवय लागली होती, आणि तुला माझी."

मग मी नेहमीचा डाव टाकला, जो सगळ्यांवर चालतो. विचारलं, "तुझ्या वर्गातलं एखादं पोर अडखळत वाचत असलं, तर त्याला तू पासांग-आवा म्हणतेस का?"

"हे तुमच्या पुस्तकातलं आहे," ती म्हणाली.

"कुठल्या पुस्तकातलं?"

"त्या तिथल्या. निळ्या पाठीच्या. मी नाव बघून ठेवलं होतं. मागवलं, वाचलं. त्याच्या शेजारचंही वाचलं. आता तुम्ही म्हणणार, मग स्वतःला का म्हणतेस. आणि मी रडायचं. रडले की तुम्ही कागदी रुमालांचा डबा पुढे सरकवणार." तिचा आवाज वर चढत होता. एवढ्या महिन्यांत तो चढलेला मी ऐकला नव्हता. "माझ्या वर्गातला तो पोरगा सात वर्षांचा आहे, मॅम. त्याला अडखळायचा हक्क आहे. मी एकतीस वर्षांची आहे. मार्चला मी पास झाले नाही तर तो वर्ग माझा राहणार नाही. आणि तुम्ही म्हणता, काम नाही? ताय म्हणतात तयारी नाही, तुम्ही म्हणता काम नाही. मग मी करू तरी काय?"

"मला माहीत नाही."

"तुम्हाला माहीत असायला पाहिजे."

"हो. पण नाही माहीत."

ती उभी राहिली. पिशवी उचलली. दारापाशी थांबली आणि मला वाटलं, आता आभार मानणार. दर वेळी मानायची, दोन-दोनदा. ह्या वेळी मानले नाहीत. दार उघडं टाकून खाली गेली.

त्यानंतरच्या भेटीला ती आलीच नाही. फोन नाही, मेसेज नाही. मी घड्याळाकडे बघत बसले. ह्या धंद्याचा नियम आहे, माणसाच्या मागे लागायचं नाही. मी नियम पाळला आणि आतून नुसती जळत राहिले. वाटायचं, गमावली ही पोरगी, माझ्या शहाणपणामुळे गमावली. परीक्षेच्या रविवारी केंद्र माझ्या घराजवळच होतं. फाटकाशी जाऊन बघावं असं फार वाटलं. गेले नाही. घरातले सगळे पडदे काढून धुतले. स्वच्छ होते ते.

नंतरच्या आठवड्यात ती उगवली. उशिरा आली, केस ओले, कपाळाला घाम. आणि बसायच्या आधीच बोलायला लागली.

"मागच्या वेळी मला यायचं नव्हतं म्हणून आले नाही."

"बरं केलंस," माझ्या तोंडून निघून गेलं.

"गुण देऊ नका."

"चुकलं."

मग तिनं सांगितलं. रविवारी सकाळी सर तिच्या आधी उठून टेबलाशी बसले होते. मुलीला लाडानं म्हणतात तशी इंदाय म्हणून हाक मारली आणि म्हणाले, तुझी तयारी नाही, उगाच नाव घालवू नकोस, पुढच्या वेळी बघू. आणि तिची पारदर्शक पिशवी, पेन्सिली, प्रवेशपत्र, सगळं त्यांनी आपल्या हाताखाली धरून ठेवलं होतं.

"मग?"

"मी म्हटलं, ताय, हात काढा. ते म्हणाले, पासांग-आवा होशील. मी म्हटलं, होईन. त्यांना ऐकू आलं नसेल असं वाटलं म्हणून पुन्हा म्हटलं. होईन पासांग-आवा. गावभर सांगा. हात काढा."

"काढला?"

"लगेच नाही. मी पिशवी ओढली. पेन्सिली खाली पडल्या, त्या चर्चमध्ये नेऊन मंतरून आणलेल्या. दोन पेन्सिलींची टोकं मोडली. मी तशाच उचलल्या आणि भरलेल्या जीपनी गाडीत बसून दातांनी लाकूड सोलत गेले. बायका बघत होत्या."

पेपरात पहिलाच अवघड प्रश्न आला तेव्हा पेन्सिल गोलाबाहेर गेली. खोडरबर समोरच होतं. "मी ते उचललं, बाकावर ठेवलं आणि त्याच्यावर बसले," ती म्हणाली. "दिवसभर बसून होते, मॅम. अजून दुखतंय. शेजारची बाई विचारत होती, बरं आहे ना."

सगळे पेपर दिले. घंटा होईपर्यंत बसली. आलं ते लिहिलं, नाही आलं तिथं अंदाजपंचे गोल भरला, आणि गोल, तिच्याच शब्दांत सांगायचं तर, कोंबडीनं उकिरडा उकरल्यासारखे होते.

निकाल लागला त्या दिवशी मी ऑफिसात येऊन आधी तोच उघडला. पास झालेल्यांची यादी आडनावाप्रमाणे असते. मी 'त'ची सगळी आडनावं वरून खाली वाचली. मग खालून वर वाचली. चष्मा पुसून परत वाचली. तोर्रेफिएल नव्हतं. मला एवढी चीड आली की मी कीबोर्डवर थापड मारली. एवढं करून पोरगी शेवटपर्यंत बसली, आणि हे तिला मिळालं.

तेवढ्यात तिचा फोन.

"चौऱ्याहत्तर पूर्णांक साठ," ती म्हणाली. पंचाहत्तरला पास असतं. "मॅम, दयासुद्धा आली नाही हो त्यांना."

आणि ती हसायला लागली. हसता हसता रडायला लागली, मग नुसतंच रडली. मीही इकडे रडत होते. मी तिला समजावलं नाही. समजावण्यासारखं त्यात काही नव्हतं. हेडबाईंनी शब्द पाळला आणि पुढच्या वर्षीसाठी वर्ग दुसऱ्या बाईंना दिला. जोनाबेलनं पोरांना स्वतः सांगितलं, मी परीक्षेत नापास झाले, आता अभ्यास करून पुन्हा बसणार, तोवर तुम्हाला नव्या बाई. एका पोरीनं विचारलं, तुम्हाला घरी रागावले का? ती म्हणाली, हो, थोडे.

त्यानंतर एका रविवारी तिनं मला तिगबावानला जेवायला बोलावलं. आमच्या धंद्यात हेही बरोबर समजत नाहीत. मी गेले.

परवान्याची परीक्षा कुणी पास झालं की आमच्याकडे घरासमोर फ्लेक्स लागतो. फोटो, नाव, गुण. पहिल्या दहांत आलं तर भर रस्त्यावर आडवा, चर्चजवळ आणखी एक. मी जीपनीतून उतरले आणि तोर्रेफिएलांच्या कुंपणावर बघते तो काय, हा एवढा फ्लेक्स. पिवळा धमक. जोनाबेलचा फोटो, दात दाखवून हसणारा, आणि खाली मोठ्या अक्षरांत: 'अभिनंदन. जोनाबेल तोर्रेफेल. शिक्षक परवाना परीक्षा. ७४.६०. नापास. शेवटपर्यंत बसली. सप्टेंबरात पुन्हा बसणार.'

समोरच्या घरातल्या बायका कपडे वाळत घालायचं सोडून उभ्या होत्या. एक ट्रायसिकलवाला थांबून जोरजोरात वाचत होता. आणि फ्लेक्सखाली स्टुलावर, इस्त्रीच्या शर्टात, सर उभे होते. हातात काळा मार्कर, टोपण काढलेलं. स्टूल डुगडुगत होतं. जोनाबेल खाली हाताची घडी घालून उभी होती.

"मी काढत नाहीये तो," सर तिला सांगत होते. "लावलास तर लावलास. एक 'इ' घालायचाय फक्त. आडनाव आहे आपलं."

मी पुन्हा वाचलं. खरंच, तोर्रेफिएलमधला 'इ' गळला होता.

"खाली उतरा, ताय."

"गावात मी चाळीस वर्षं हे नाव लिहायला शिकवलंय. आणि तू त्याची अशी थट्टा करतेस? तोर्रेफेल?"

"थट्टा नाही केली."

"मुद्दाम केलंस. ह्या बाईंनी शिकवलेलं आहे तुला, मुद्दाम चुका करायला." त्यांनी मार्कर माझ्याकडे रोखला. मी नमस्कार केला.

"मुद्दाम केलं असतं तर बरं दिसलं असतं," जोनाबेल म्हणाली. "मजकूर मीच टाइप केला. भूक लागली होती, घाई होती. पाठवला आणि जेवायला बसले. तपासलाच नाही, ताय. टांगल्यावर दिसलं मला. मुद्दाम नाही केलं. चुकले."

ट्रायसिकलवाला दुसऱ्यांदा वाचायला लागला, ह्या वेळी समोरच्या म्हाताऱ्या आजींसाठी, एकेक शब्द सावकाश. सरांचा मार्करचा हात अजून वरच होता आणि त्या अक्षरांपर्यंत सहज पोचत होता.

"लोक वाचतायत, इंदाय," ते हळूच म्हणाले.

"वाचू द्या," ती म्हणाली. पुढे झाली आणि तिनं स्टूल दोन्ही हातांनी घट्ट धरलं, त्यांना खाली उतरता यावं म्हणून.